चार नावं, एकच कूळ: लावणीच्या हंगामातलं एक गुडघेदुखीचं प्रकरण

हे प्रकरण कुणा एका व्यक्तीचं नाही. खानापूर, चंदगड, बेळगाव या टापूत पावसाळ्यात वारंवार दिसणाऱ्या घटना एकत्र करून ते मांडलं आहे. औषधं, मात्रा, तपासण्यांचे आकडे आणि उपचारांचा क्रम मात्र प्रत्यक्षात घडतो तसाच आहे.

रुग्ण: वय ६२, वजन ५४ किलो, जांबोटी भागातल्या शेतकरी कुटुंबातील बाई. दोन्ही गुडघ्यांची झीज, उजवा जास्त. रक्तदाब आठ वर्षांपासून. त्यासाठी रोज सकाळी टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅम आणि हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५ मिलिग्रॅम एकत्र असलेली गोळी. शिवाय ॲस्पिरिन ७५ मिलिग्रॅम, 'रक्त पातळ राहण्यासाठी'. ही गोळी पाच वर्षांपूर्वी कुणीतरी सुरू केली होती. झटका, स्टेंट, पक्षाघात यांपैकी काहीही पूर्वी झालेलं नव्हतं. मधुमेह नाही. आदल्या वर्षीच्या तपासणीत हिमोग्लोबिन ११.२ आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंड नीट गाळतंय का हे सांगणारा रक्तातला आकडा; गाळणं घटलं की तो चढतो) ०.९.

घटनाक्रम

पहिला दिवस. भाताची लावणी सुरू झाली. दिवसभर चिखलात वाकून तरवा लावायचा, संध्याकाळी गुडघे सुजायचे. खानापूरच्या बाजारातून मुलानं गोळ्या आणल्या: ॲसिक्लोफेनॅक १०० मिलिग्रॅम अधिक पॅरासिटामोल ३२५, सकाळ-संध्याकाळ. चिठ्ठी नव्हती. ॲसिक्लोफेनॅक चिठ्ठीशिवाय विकायचं नसतं, पाकिटावरची लाल उभी रेघ तेच सांगते. पण हंगामात ती रेघ कोण बघतो?

नववा दिवस. लेक गडहिंग्लजला दिलेली. तिनं आईला तिथल्या हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. एक्स-रे निघाला, झीज दिसली, आणि इटोरिकॉक्सिब ९० मिलिग्रॅम रोज एक, सोबत पॅन्टोप्रॅझोल ४० मिलिग्रॅम, दोन्ही दहा दिवसांसाठी लिहून मिळाल्या. 'आधी काही चालू आहे का' या प्रश्नाला उत्तर गेलं, 'बीपीची गोळी आहे.' खानापूरच्या गोळ्यांचं नाव निघालं नाही, कारण बाईंच्या हिशेबात ते औषधच नव्हतं. 'दुखण्याची साधी गोळी' होती. ती चालूच राहिली.

सतरावा दिवस. लावणी संपत आली, दुखणं वाढलं. गावातल्या दवाखान्यात डायक्लोफेनॅक ७५ मिलिग्रॅमचं इंजेक्शन कुल्ल्यात, सलग तीन दिवस. सोबत कागदाच्या पुडीत पाच पांढऱ्या गोळ्या, रोज एक. पाकीट नाही, नाव नाही.

एकोणिसावा दिवस. गडहिंग्लजचा कोर्स संपला. इटोरिकॉक्सिबनं 'बरं वाटतं' म्हणून त्याची नवी पट्टी आणली गेली. पॅन्टोप्रॅझोल आणलं नाही, कारण 'ती ॲसिडिटीची आहे, दुखण्याची नाही.' त्याच संध्याकाळी पायांना सूज दिसली. लघवी दिवसातून दोनदा, थोडी आणि गडद. घरच्यांनी त्याचा अर्थ लावला: चिखलात उभं राहून पाय सुजलेत.

एकविसावा दिवस. परसाकडेला काळं झालं. जांभळाचे दिवस होते, जांभळं खाल्ली होती, म्हणून लक्ष दिलं नाही.

बाविसावा दिवस, पहाट. उठताना चक्कर, घाम, आणि चहाच्या चोथ्यासारखी तपकिरी उलटी. सून म्हणाली, डॉक्टरकडे जाऊ. उत्तर आलं, 'पोटात कायबी दुखंना, मग डॉक्टरकडं कशाला?' आठ वाजता जवळच्या दवाखान्यात नेलं. रक्तदाब ९६/६०, नाडी ११८. अशक्तपणा म्हणून सलाइन लावलं. दुपारी एकला तालुक्याच्या रुग्णालयात परिचारिकेनं विचारलं, 'मावशी, परसाकडला कसल्या रंगाचं होतंय?' तेव्हा पहिल्यांदा खरा मुद्दा समोर आला: काळं शौच, म्हणजे पोटात रक्तस्राव. १०८ नं बेळगावला पाठवलं. खानापूर ते बेळगाव अंतर पंचवीस-सव्वीस किलोमीटर. त्याआधीच आठ ते एक असे पाच तास वाया गेले होते.

एका दिवसात पोटात काय जात होतं

अठराव्या दिवशीची यादी मांडली की सगळं उलगडतं. ॲसिक्लोफेनॅक २०० मिलिग्रॅम. इटोरिकॉक्सिब ९०. डायक्लोफेनॅक ७५, इंजेक्शनातून. ॲस्पिरिन ७५. चार वेगळी नावं, चार वेगळे रंग, तीन वेगळी गावं, आणि कूळ एकच: सूज उतरवणारी वेदनाशामकं, इंग्रजीत NSAID. त्यातही ॲसिक्लोफेनॅक आणि डायक्लोफेनॅक हे तर सख्खे भाऊ. ॲसिक्लोफेनॅकचा काही भाग शरीरात गेल्यावर डायक्लोफेनॅकच बनतो. वर ती नाव नसलेली पांढरी गोळी.

ती पांढरी गोळी स्टेरॉइड असावी, असा संशय बेळगावला आला. मधुमेह नसलेल्या बाईंची साखर दाखल होताना २१२ होती आणि आठवड्यात उपाशीपोटी १०० च्या आत आली. आजारपणाच्या ताणानंही साखर चढते, त्यामुळे हा पुरावा नव्हे. पण सूज उतरवायला प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथासोन पुडीतून देणं ही खेड्यातली जुनी खोड आहे. नुसत्या स्टेरॉइडनं जठराला मोठा धोका नसतो. या कुळातल्या वेदनाशामकासोबत दिलं की रक्तस्रावाचा धोका कित्येक पटींनी वाढतो. (स्टेरॉइड महिनोन्महिने चालू असेल तर मात्र एकदम थांबवू नये, त्यानंही जीव धोक्यात येतो. इथे पाचच दिवसांचा मामला होता.)

या यादीतली सर्वांत बोलकी गोष्ट पॅरासिटामोलची आहे. ते दिवसाला फक्त ६५० मिलिग्रॅम जात होतं. म्हणजे जे औषध वाढवायला जागा होती ते नाममात्र, आणि जे वाढवायचं नव्हतं ते चारी बाजूंनी.

जठर आणि मूत्रपिंड एकाच वेळी का गेले

जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं की ॲस्पिरिनसारखी औषधं शरीरातल्या प्रोस्टाग्लॅन्डिन नावाच्या द्रव्यांची निर्मिती अडवतात. १९८२ च्या वैद्यकाच्या नोबेल पारितोषिकातल्या त्यांच्या वाट्यामागे हे कामही होतं. प्रोस्टाग्लॅन्डिन सुजलेल्या गुडघ्यात दुखणं वाढवतं हे खरं. पण तेच जठरात आतल्या अस्तरावर चिकट श्लेष्म्याचा थर राखतं, आम्ल मारतं, अस्तराला रक्त पोचवतं. आणि मूत्रपिंडात, रक्त कमी पडायला लागलं की, आत येणारी बारीक धमनी उघडी धरून ठेवतं. गोळी तिन्ही ठिकाणी सारखंच काम करते. गुडघा कुठला आणि जठर कुठलं, तिला कळत नाही.

म्हणूनच दोन समजुती घात करतात. पहिली, 'जेवून घेतली की बाधत नाही.' जेवणानं जळजळ कमी होते. अस्तराचं संरक्षण रक्तातून गेलेल्या औषधानं काढून घेतलेलं असतं, ते भाकरीनं परत येत नाही. दुसरी, 'इंजेक्शन घेतलं म्हणजे पोटाला त्रास नाही.' इंजेक्शन कुल्ल्यातून रक्तात आणि रक्तातून जठरात जातंच. शिवाय गोळीच्या भरीला ते दिलं की मात्रा वाढते, एवढंच होतं.

'पोटात दुखत नाही' हाही आधार फसवा. या औषधांनी झालेल्या जखमेतून रक्त वाहायला लागेपर्यंत अनेकांना काहीच जाणवत नाही, वयस्कांना तर फारच कमी. एक कारण असं मानलं जातं: पोटातलं दुखणंही तीच वेदनाशामकं दाबून ठेवतात.

इटोरिकॉक्सिबबद्दल एक शब्द. कॉक्सिब गटाची औषधं जठराला थोडी सौम्य, हे खरं आहे. पण सोबत ॲस्पिरिन असेल तर तो फायदा बराचसा पुसला जातो. आणि रक्तदाब, सूज, मूत्रपिंड, हृदय यांच्या बाबतीत ती सौम्य नाहीत. याच गटातलं रोफेकॉक्सिब हृदयविकाराच्या झटक्यांमुळे २००४ मध्ये बाजारातून काढावं लागलं. गुडघ्याच्या झिजेला इटोरिकॉक्सिबची मात्रा साधारण ३० ते ६० मिलिग्रॅम. ९० ही संधिवातासारख्या विकारांची मात्रा आहे. आणि रक्तदाब १४०/९० च्या वर राहत असेल तर ते सुरूच करू नये.

मूत्रपिंडाकडे येऊ. इथे तीन गोष्टी एकत्र आल्या. हायड्रोक्लोरोथायझाइडनं लघवीवाटे पाणी आणि मीठ जात होतं. टेल्मिसार्टननं मूत्रपिंडातून बाहेर जाणारी धमनी सैल केली होती. वेदनाशामकांनी आत येणारी धमनी आवळली. आवक कमी, जावक मोकळी. गाळणीत दाबच उरला नाही. यातलं एकेक औषध निरोगी मूत्रपिंड सहन करतं. तिन्ही एकत्र आली आणि वर अंगातलं पाणी आटलं की काही दिवसांत क्रिएटिनिन चढतं.

पाणी आटलं कसं, पावसात, गुडघाभर पाण्यात उभं राहून? लावणीला गेलेल्या बाया दिवसभर पाणी पीत नाहीत, कारण शेतात लघवीला आडोसा नसतो. हे कुठल्याच डॉक्टरच्या कागदावर येत नाही. या भागात रुग्ण तपासणाऱ्यानं मुद्दाम विचारायला हवं. त्यात एकविसाव्या दिवसापासून रक्तही जात होतं.

डायक्लोफेनॅक मूत्रपिंडाला काय करू शकतं याचा आपल्याकडचा सर्वांत मोठा पुरावा माणसातला नाहीच. हे औषध दिलेली जनावरं मेल्यावर गिधाडांनी ती खाल्ली आणि मूत्रपिंडं निकामी होऊन गिधाडं मेली, देशभर. २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली. पुढे माणसांच्या मोठ्या बाटल्या जनावरांना टोचल्या जायला लागल्या म्हणून २०१५ मध्ये इंजेक्शनाची बाटली ३ मिलिलिटरच्या एका मात्रेपुरतीच ठेवण्याचा नियम झाला. गिधाडाचं शरीर माणसाहून फार नाजूक आहे या बाबतीत, तुलना थेट करू नये. पण 'साधी दुखण्याची गोळी' हा शब्दप्रयोग करण्याआधी आठवावं.

बेळगावला पोचल्यावर

रक्तदाब ८८/५४, नाडी १२४. नेहमी १५०/९० च्या आसपास राहणाऱ्या बाईंचा सकाळचा ९६/६० हा आकडाच धोक्याचा होता. तो 'जरा कमी' नव्हता. हिमोग्लोबिन ६.८, युरिया (मूत्रपिंडानं गाळून टाकायचा कचरा) ११८, क्रिएटिनिन २.६, पोटॅशियम ५.९, म्हणजे हृदयाकडे लक्ष ठेवावं इतकं चढलेलं. हृदयाच्या आलेखात पोटॅशियमचे बदल नव्हते. सोनोग्राफीत मूत्रपिंडांचा आकार नीट, म्हणजे इजा ताजी. युरिया एवढा चढण्यामागे दोन कारणं: मूत्रपिंड गाळत नव्हतं, आणि आतड्यात उतरलेलं रक्त पचून त्याचा युरिया होत होता.

दोन जाड सुया, सलाइन, रक्तगट, जुळवणी. हिमोग्लोबिन ७ च्या खाली असल्यानं लाल पेशींच्या दोन पिशव्या. एका पिशवीनं साधारण एका ग्रॅमनं वाढतं, इथे ८.५ पर्यंत आलं आणि तिथेच थांबवलं. जास्त भरल्यानं फायदा होत नाही, रक्तस्राव पुन्हा सुरू होण्याची भीती असते. पॅन्टोप्रॅझोल ८० मिलिग्रॅम शिरेतून, मग तासाला ८ मिलिग्रॅम, ७२ तास. चारही वेदनाशामकं बंद, टेल्मिसार्टनची जोडगोळीही बंद. पोटॅशियम बारा तासांत ५.१ वर उतरलं, वेगळं काही करावं लागलं नाही.

तोंडावाटे जठरात घालायची दुर्बीण (एंडोस्कोपी) दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे दाखल झाल्यापासून २४ तासांच्या आत. जठराच्या खालच्या भागात सव्वा सेंटीमीटरची जखम, तिच्या तळाशी उघडी पडलेली रक्तवाहिनी. भोवती ॲड्रेनॅलिन टोचून वर क्लिप बसवली. जखमेचा तळ स्वच्छ असता तर काहीच करावं लागलं नसतं. उघडी वाहिनी मात्र पुढच्या तीन दिवसांत पुन्हा वाहण्याची शक्यता बरीच असते. कडेचे नमुने घेतले, कारण जठरातली जखम कर्करोगाचीही असू शकते.

क्रिएटिनिन दुसऱ्या दिवशी ३.१ वर गेलं, पाचव्या दिवशी १.८. सहाव्या दिवशी घरी. बाराव्या दिवशी १.२. डायलिसिस लागलं नाही. पुन्हा ०.९ होईलच असं नाही. अशा धक्क्यानंतर काही मूत्रपिंडं पूर्वपदावर येतात, काही थोडी मागे राहतात. म्हणून तीन महिन्यांनी लघवीतली प्रथिनं आणि क्रिएटिनिन पुन्हा बघायचं ठरलं.

चूक नेमकी कुठे झाली

गडहिंग्लजच्या चिठ्ठीत पॅन्टोप्रॅझोल होतं, ही त्या डॉक्टरांची काळजीच म्हणायची. पण ते जठर आणि त्यापुढचा आतड्याचा पहिला भाग एवढंच सांभाळतं. मूत्रपिंड, हृदय, लहान आतडं यांना त्याचं कवच नाही. आणि ते वेदनाशामक चालू असेपर्यंत, सकाळी नाश्त्याआधी अर्धा तास घ्यायचं असतं. इथे संरक्षण संपलं आणि औषध चालू राहिलं.

आमच्या मते सर्वांत महागात पडला तो मात्र सकाळी आठचा प्रसंग. नाडी ११८, रक्तदाब नेहमीपेक्षा पन्नासेक अंकांनी खाली, पहाटे तपकिरी उलटी. परसाकडेचा रंग हा एक प्रश्न विचारला असता तर सलाइनची बाटली लावून बसवलं गेलं नसतं. अशा वेळी सलाइननं थोडा वेळ बरं वाटतं, आणि तेच घातक ठरतं. घरचे निर्धास्त होतात.

सीमाभागाची स्वतःची अशी एक अडचणही यात आहे. एका कुटुंबाचे डॉक्टर दोन राज्यांत, तीन गावांत असतात. बीपीची फाइल बेळगावला कानडी-इंग्रजीत, हाडांची चिठ्ठी गडहिंग्लजची, पुडी गावातली, गोव्यात कामाला असलेला मुलगा येताना तिथल्या दुकानातून पट्टी आणतो. कंपनीगणिक नाव वेगळं. एका डॉक्टरला दुसऱ्याचं कळायला मार्ग एकच, औषधांची पिशवी.

पिशवी कशी तपासायची

घरातल्या सगळ्या पट्ट्या, बाटल्या, मलमं, पुड्या, रिकाम्या पट्ट्यासुद्धा, एका ताटात ओता. पुढचं मोठं नाव सोडून द्या. मागे बारीक अक्षरांत इंग्रजीत घटक छापलेले असतात. शाळकरी नातवंडाला वाचायला लावा. शब्दाचं शेपूट ऐकायचं. '-फेनॅक' (डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक), '-प्रोफेन' (आयबुप्रोफेन, केटोप्रोफेन), '-कॉक्सिब' (इटोरिकॉक्सिब, सेलेकॉक्सिब), '-ऑक्सिकॅम' (पिरॉक्सिकॅम, मेलॉक्सिकॅम). शेपटात न बसणारे पाच-सहा पाठच करावे लागतात: निमेसुलाइड, नॅप्रोक्सेन, इंडोमेथासिन, केटोरोलॅक, मेफेनॅमिक ॲसिड, ॲस्पिरिन. यांतले दोन एका वेळी चालू असतील तर एक चूक आहे. हृदयाच्या डॉक्टरांनी दिलेलं ॲस्पिरिन तेवढं वेगळं. ते स्वतःच्या मनानं बंद करायचं नाही, विशेषतः स्टेंट असेल तर. त्यांना विचारायचं.

सोबतची जोडी बघा. सेराशिओपेप्टिडेझ, क्लोरझोक्साझोन, थायोकोल्चिकोसाइड, रॅबेप्रॅझोल ही नावं वेदनाशामकाबरोबर एकाच गोळीत येतात. त्यांच्या गर्दीत '-फेनॅक' हरवतं. पॅरासिटामोलही याच गर्दीत असतं, म्हणून तेही मोजायचं. बारीक अंगाच्या वयस्क माणसाला दिवसाला सगळं मिळून ३ ग्रॅमच्या वर नको.

मग दुसरी ओळ: '-सार्टन' किंवा '-प्रिल' नं संपणारी बीपीची गोळी, आणि '-थायझाइड' किंवा फ्युरोसेमाइड, टॉर्सेमाइड अशी लघवीची गोळी. या दोन्हींच्या सोबतीला वेदनाशामक असेल तर डॉक्टरला तसं शब्दांत सांगायचं, 'बीपीची गोळी आहे' एवढ्यावर थांबायचं नाही. नाव नसलेली पुडीतली गोळी घ्यायचीच नाही.

कधी निघायचं

ताबडतोब, १०८ बोलावून: डांबरासारखं काळं, चिकट, वास मारणारं शौच; रक्ताची किंवा चहाच्या चोथ्यासारखी उलटी; उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी; पोटात अचानक सुरी खुपसल्यासारखं दुखून पोट फळीसारखं कडक होणं (जखम आरपार गेल्याची खूण); छातीत दडपण, धाप, एका बाजूला लुळेपणा, बोलणं अडखळणं; गोळी घेतल्यावर तास-दोन तासांत ओठ-चेहऱ्याला सूज किंवा दमा उठणं; अंगावर लाल चट्ट्यांसोबत तोंडात-डोळ्यांत फोड. बारा तास लघवीच झाली नाही तरही थांबायचं नाही.

गोळी त्याच क्षणी बंद करून त्याच दिवशी डॉक्टरकडे: लघवी निम्म्यावर येणं, पायांना किंवा डोळ्यांखाली नवी सूज, दोन-तीन दिवसांत दोन किलो वजन वाढणं, डोळे पिवळे किंवा लघवी गडद पिवळी (डायक्लोफेनॅक आणि निमेसुलाइड यकृतावरही उठतात), नेहमी ताब्यात असलेला रक्तदाब चढणं.

जुलाब, उलट्या किंवा कडक ताप असताना या कुळातली एकही गोळी नको. आपल्याकडे पावसाळ्यात तापाला डेंग्यूची शक्यता असतेच. डेंग्यूत रक्त गोठवणाऱ्या पेशी कमी होतात, तेव्हा तापाला आणि अंगदुखीला फक्त पॅरासिटामोल. चिकुनगुन्यानंतर महिनोन्महिने सांधे धरतात, पण डेंग्यू नाही हे ठरेपर्यंत नियम तोच. गरोदर बाईला विसाव्या आठवड्यानंतर डॉक्टरनं सांगितल्याशिवाय ही औषधं द्यायची नाहीत.

निघताना रुग्णाला आडवं ठेवा, पाय उशीवर; उलटी होत असेल तर कुशीवर. मोटारसायकलवर मध्ये बसवून नेऊ नका, वाटेत शुद्ध गेली तर सावरता येत नाही. दूध, ताक, चहा काही देऊ नका. दुर्बिणीसाठी पोट रिकामं लागतं, आणि दुधानं जखम भरत नाही. सगळ्या पट्ट्या सोबत घ्या. शौचाचा रंग बघून ठेवा, मोबाइलवर फोटो काढायला लाज वाटू देऊ नका.

बेळगावच्या मोठ्या रुग्णालयांत मराठी चालते, पण रात्रपाळीला कानडीच बोलणारी परिचारिका भेटली तर चार शब्द पुरतात: 'कप्पु मल' म्हणजे काळं शौच, 'रक्त वांति', 'तले सुत्तु' म्हणजे चक्कर, आणि 'नोविन मात्रे' म्हणजे दुखण्याच्या गोळ्या. शेवटचा शब्द आधी सांगा.

घरी आल्यावर पुढे

बाईंना घरी लोहाच्या गोळ्या मिळाल्या, आणि चौथ्या दिवशी शौच पुन्हा काळं. घर घाबरलं. लोहानं शौच काळपट-हिरवं होतं. पण बांधलेलं असतं, चिकटत नाही, तो विशिष्ट घाण वास नसतो, चक्कर नसते. शंका असेल तर हिमोग्लोबिन करून बघणं स्वस्त पडतं. इथे ९.४ निघालं.

जठरात जखम करणाऱ्या हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूची तपासणी दुर्बिणीच्या वेळी नकारार्थी आली होती. रक्तस्रावात आणि पॅन्टोप्रॅझोल चालू असताना ती अशी फसवी येऊ शकते. आठ आठवड्यांनी दुर्बीण पुन्हा झाली, जखम भरलेली, नमुन्यात कर्करोग नाही. मग पॅन्टोप्रॅझोल दोन आठवडे थांबवून शौचाची तपासणी केली, ती सकारार्थी. चौदा दिवसांचा उपचार सुरू झाला, त्यात बिस्मथ होतं. बिस्मथनंही शौच काळं होतं. हे आधीच सांगून ठेवलं, म्हणून या वेळी धावपळ झाली नाही.

ॲस्पिरिन परत सुरू केलं नाही. झटका किंवा पक्षाघात न झालेल्या, साठी ओलांडलेल्या आणि एकदा रक्तस्राव झालेल्या माणसाला त्याचा तोटा फायद्याहून मोठा. रक्तदाबासाठी ॲम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम; त्यानंही घोट्याला सूज येते, ती मूत्रपिंडाची समजून घाबरू नये. टेल्मिसार्टनचा विचार क्रिएटिनिन स्थिर झाल्यावर. थायझाइड नको.

गुडघ्याचं काय? पॅरासिटामोल ६५० मिलिग्रॅम, दुखेल तेव्हा, दिवसातून तीनदा पर्यंत. क्रिएटिनिन खाली आल्यावर डायक्लोफेनॅकचं जेल, एका गुडघ्याला ४ ग्रॅमपर्यंत, डॉक्टरांनी सांगितल्याइतकेच वेळा. त्वचेतून रक्तात गोळीच्या काही टक्केच जातं, पण शून्य नाही, म्हणून मूत्रपिंड सावरायच्या आधी तेही नको. गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून पाच सेकंद खाली दाबायचं, दहा वेळा, दिवसातून तीनदा. मांडीचा पुढचा स्नायू बळकट झाला की गुडघ्यावरचा भार कमी होतो, पण त्याला सहा आठवडे तरी लागतात. काठी उजव्या गुडघ्यासाठी डाव्या हातात; बहुतेक जण उलट धरतात. संडासाला उंच बैठकीची खुर्ची. लावणीला वाकण्याऐवजी पेंढ्या सोडवून देण्याचं, तरवा वाहून आणणाऱ्यांना हाताशी लागण्याचं काम. आणि शेतावर दोन लिटरची पाण्याची बाटली, सोबत बायांसाठी आडोशाला ताडपत्रीचे चार कोपरे बांधायला चार काठ्या.